मदत हवी आहे: सेशन सोडून स्वतःचा सॅक्सोफोन अल्बम

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहतो, अल्टो सॅक्सोफोन वाजवतो. बरीच वर्षं पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत आणि ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत आलोय, म्हणजे सेशनचं काम. रीड (सॅक्सच्या मुखाशी लावायची वेताची पातळ पट्टी) ओली करायची, हेडफोनमध्ये तालाची क्लिक सुरू झाली की अंतऱ्याआधीचा आठ बारचा तुकडा वाजवायचा, पैसे घ्यायचे आणि निघायचं. या कामानेच घर चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता स्वतःच्या चालींचा स्मूथ जॅझ अल्बम करायची फार इच्छा आहे.

अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेव्हिड सॅनबॉर्न डेव्हिड बोवीसारख्या गायकांच्या रेकॉर्डवर वाजवायचा, आणि 1975 मध्येच त्याचा पहिला सोलो अल्बम आला. म्हणजे दोन्ही एकत्र जमतं. पण अमेरिकेत या संगीताला रेडिओ होता, क्लब होते. इथे लोक येऊन 'एखादं जुनं हिंदी वाजवा ना' म्हणतात. हिंदी चित्रपटगीतांत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मनोहारी सिंगांच्या तुकड्यांवर माझंही जिवापाड प्रेम आहे, पण कव्हर वाजवून माझी ओळख होणार नाही असं मला वाटतं.

रेकॉर्डिंगचंही विचारायचंय. सॅक्सचा आवाज फक्त त्याच्या पुढच्या रुंद तोंडातून (बेलमधून) येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो. बेलच्या कडेला चिमट्याने अडकवायचा क्लिप-ऑन माइक लावला की खालचे सूर अंगावर येतात, वरचे पातळ लागतात. घरच्या छोट्या खोलीत माइक कुठे ठेवता?

आणि सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागेत तिकीट लावून फक्त वाद्यसंगीताचा कार्यक्रम कुणी केलाय का? बास आणि कीबोर्डवाल्यांना मानधन ठरवून देता की तिकिटातला वाटा?