शाळेच्या मेळाव्यात जुने संगणक आणि मोबाइल मांडायचे आहेत, मार्गदर्शन हवे

गोदाकाठ
नमस्कार. नाशिकमधील आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दिवाळीनंतर होणार असून, २००० नंतरच्या काही वर्षांत आमच्या पिढीच्या हाती पहिल्यांदा आलेले संगणक आणि मोबाइल एका खोलीत मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझ्याजवळ चालू स्थितीतील नोकिया ११०० आणि बंद पडलेला एक जुना संगणक आहे. या वस्तू काचेआड ठेवण्यापेक्षा आताच्या मुलांना त्या वापरून पाहता याव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोणते खेळ ठेवावेत आणि हा मोबाइल आजच्या सिमकार्डावर चालेल का?

सिडकोकर
प्रिन्स ऑफ पर्शिया अवश्य ठेवा. १९८९ सालचा हा खेळ डॉसबॉक्स या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने आजच्या संगणकावरही चालतो. आमच्या शाळेत चपला बाहेर काढून एका संगणकापुढे तिघांनी बसायचे, लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेतील कासवाला ‘एफडी १००, आरटी ९०’ (१०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे) ही आज्ञा चार वेळा देऊन चौकोन पूर्ण करायचा आणि मग बाईंची परवानगी मिळाली तर खेळ, असा क्रम असे. बाणांच्या कळा एकाकडे, उडी मारल्यावर कठडा पकडण्यासाठी लागणारी शिफ्टची कळ दुसऱ्याकडे आणि पुढे जमिनीतून सुळे वर येतात का, यावर नजर ठेवण्याचे काम तिसऱ्याकडे असल्यामुळे तिघांचा मेळ बसेपर्यंत राजपुत्र हमखास खड्ड्यात पडे. राजकन्येला सोडवण्यासाठी खेळात एक तास मिळतो आणि आमची तासिका त्याहून लहान होती. त्यामुळे पुढच्या पातळीवर काय असेल, ही चर्चा मधल्या सुट्टीत डबा खाताना चाले. म्हणून माझी विनंती आहे की संगणक एकच ठेवावा, पण खुर्च्या तीन ठेवाव्यात.

पंचवटीची लेक
मोबाइलबद्दल सांगते. ११०० हा टूजी फोन असल्याने त्यात जिओचे सिम चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचे घ्यावे आणि हल्लीचे कार्ड आकाराने लहान असल्यामुळे अडॅप्टर वापरावा. एम. जी. रोडवरील दुकानांत तो मिळू शकेल. बॅटरी फुगलेली असल्यास ती कृपया चार्ज करू नये. बीएल-५सी या क्रमांकाची दुसरी घ्यावी.

२००३ साली आलेल्या या फोनचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. आमच्या घरी मात्र त्यातल्या टॉर्चमुळे त्याची ओळख ‘बॅटरीवाला फोन’ अशीच होती. भारनियमनाच्या काळात त्याच्याच उजेडात गणिते सोडवली आहेत. कॉलेज रोडवरचा क्लास सुटला की बाबांना मिस्ड कॉल द्यायचा आणि त्यांनी तो चुकूनही उचलू नये म्हणून एका रिंगनंतर लगेच तोडायचा, हे आम्हां भावंडांना पक्के शिकवलेले होते. मुलांना हा प्रकार करून पाहू द्या. फोनमधला स्नेक हा सापाचा खेळ तर आहेच.

निवृत्त संगणक शिक्षिका
बंद संगणक सुरू करण्याआधी मदरबोर्डावरील (आतल्या मुख्य पट्टीवरील) नाण्यासारखा सेल बदलून पाहा, कारण तो संपला की यंत्र तारीख विसरते आणि सुरू होतानाच अडते. काचेच्या नळीचा जुना मॉनिटर असेल तर तो स्वतः उघडू नका; वीज काढल्यानंतरही त्याच्या आत उच्च दाबाचा विद्युतभार राहू शकतो. शेजारी एक फ्लॉपीही, म्हणजे माहिती साठवायची जुनी चकती, ठेवा. तिच्यात १.४४ एमबी मावत असे. मेळाव्यात मोबाइलवर काढलेले छायाचित्र त्या फ्लॉपीवर घेण्याचा प्रयत्न मुलांना करू द्या.