शार्कुटरी बोर्ड पहिल्यांदा मांडताना : तुमचे अनुभव सांगा

रानजाई

काल भाचीचा पुण्याहून फोन. नवं घर, शनिवारी ऑफिसातली आठ-दहा जणं येणार, आणि तिला शार्कुटरी बोर्ड, म्हणजे मुरवलेलं मांस, चीज, फळं मांडलेली फळी, करायचाय. "मावशी, तू इटलीत होतीस ना, कुठून सुरुवात करू ते सांग." तिच्याशी बोलताना बोलोन्यातले दिवस असे काही वर आले की फोन ठेवल्यावर थेट लिहायलाच बसले.

नवऱ्याच्या पीएचडीसाठी आम्ही तिथे राहिलो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे तालियेरे असायचं. तालियेरे म्हणजे लाकडी फळीवर मांडलेलं मांस, चीज आणि शेजारी गरम तिजेल्ले, आपल्या छोट्या भाकरीएवढे. त्यांच्याबरोबर मी क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांमधल्या दुकानात जायचे. दुकानदार मोर्तादेल्लाचा (डुकराच्या मांसाच्या जाड सॉसेजचा) भलामोठा गोळा यंत्राला लावायचा. पहिला काप हातात धरून उजेडाकडे बघायचा, जाड वाटला तर बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात. गुलाबी काप, त्यात चरबीचे पांढरे चौकोन आणि पिस्त्याचे हिरवे ठिपके. घरी आणल्यावर बाई तो काप फळीवर सपाट पसरायच्या नाहीत. दोन बोटांत धरून सैल घडी घालून ठेवायच्या. मध्ये हवा राहिली की तोच काप तोंडात वेगळा लागतो, खरंच करून बघा.

पार्मेजान सुरीने कापायचं नाही. बदामाच्या आकाराची आखूड सुरी खुपसायची आणि पिळून तुकडा मोडायचा. आत पांढरे कण दिसतात ते मिठाचे नव्हेत, चीज मुरताना तयार होतात. पार्मा हॅममध्ये तर डुकराची मांडी आणि मीठ, बाकी सगळं काम हवेचं आणि वेळेचं. त्याची चरबीची कड कृपा करून काढून टाकू नका, निम्मी चव तिथे आहे.

भाचीला मी सांगितलं: मांस दोन प्रकारचं, चीज तीन (एक मऊ, एक मधलं, एक कडक), काहीतरी आंबट, काहीतरी गोड, आणि चांगला ब्रेड. बस. पंधरा वाट्यांची गर्दी नको. जेवणाआधी असेल तर माणशी 50-60 ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज, तेच जेवण असेल तर दुप्पट. चीज अर्धा-पाऊण तास आधी फ्रिजबाहेर काढायचं. थंडगार ब्रीला चवच नसते.

तुम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा काय काय ठेवलंत? कुठे राहता तेही लिहा, म्हणजे काय मिळतं ते कळेल.

खादाडखाऊ

तोंडाला पाणी. फोटो कुठेय ताई??

इसारकाठ

म्युनिकमधून. आमच्याकडे ब्रोटझाइट, म्हणजे ब्रेडबरोबरचं थंड खाणं. बियर गार्डनमध्ये प्यायचं तिथूनच घ्यायचं, खायचं मात्र घरून नेता येतं, ही इथली जुनी रीत. त्यामुळे उन्हाळ्यात लोक टोपलीतून चौकटीचं कापड, फळी, चाकू सगळं घेऊन येतात. आमच्या टोपलीत ओबात्झ्डा हमखास. पिकलेलं कॅमेम्बेर, लोणी, पाप्रिका, कांदा, थोडं शहाजिऱ्यासारखं क्युमेल आणि बियरचा घोट, काट्याने कुस्करायचं. बरोबर ब्रेत्सेल (गाठीचा खारा ब्रेड) आणि मिठाचा पांढरा मुळा, सलग वेटोळं कापलेला. मीठ लावून पाणी सुटू द्यायचं, तिखटपणा उतरतो. नवशिक्याला याहून सोपं काही नाही, सजावटीची भानगडच नाही.

बाकी नंतर, मुलाला फुटबॉलला सोडायचंय.

मोगरा

मुळा आमच्या घरात सासूबाई सोडून कोणी खात नाही. त्यांना ही आयडिया दाखवते, खूश होतील.

शाकाहारी_सुमेधा

माझ्यासारख्यांसाठी एक सांगते. मांस नको म्हणून नुसतं चीज ठेवलं की शाकाहारी झालं असं नसतं. अस्सल इटालियन पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, कायमच. युरोपातल्या बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमध्येही. पाकिटावर रेनेट कसलं ते वाचा, मायक्रोबियल असेल तर चालतं. भारतात हिरवा ठिपका बघा. मी न्यू जर्सीत आहे, गटग (गाठभेट) असलं की शाकाहारी फळी वेगळीच मांडते, चिमटेही वेगळे. एकाच फळीवर अर्धं-अर्धं केलं की सलामीचा चिमटा चीजमध्ये जातोच, आणि मग आई-बाबांच्या वयाची माणसं काही न बोलता नुसती द्राक्षं खातात. ते बघवत नाही.

रानजाई

सुमेधा, किती बरं केलंस लिहून. भाचीच्या ऑफिसात दोन जैन मुली आहेत. तिला आत्ताच कळवते.

बार्देशकार

ताई, गोव्याहून. एक काळजीची गोष्ट. आमचं चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि स्पेनचा चोरिझो एक समजून लोक आमचं कच्चंच कापून फळीवर ठेवतात. स्पेनचा वाळवून मुरवलेला असतो, काप करून तसाच खातात. आमचं शिजवूनच खायचं. व्हिनेगर, लाल मिरची, लसूण यात मुरवून वाळवलेलं असलं तरी शिजवायचंच.

म्हापश्याच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या असतात, लहान मण्यांची आणि मोठ्या मण्यांची. पावसाळ्याच्या पुरुमेंताला (साठवणीला) आमची आजी मोठ्या मण्यांची घ्यायची आणि चुलीवर टांगून ठेवायची. फळीवर हवंच असेल तर आवरण काढा, भरपूर कांदा आणि थोड्या पाण्यात शिजवा, स्वतःच्याच चरबीत परतलं जाईल. गरम वाटी फळीच्या मधोमध ठेवा, भोवती पोईचे (गोव्याच्या पावाचे) तुकडे. आमच्याकडे नाताळात हीच वाटी सगळ्यात आधी रिकामी होते.

खादाडखाऊ

पोई!! पहाटे सायकलवरच्या पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू आठवला. मडगावात मामाकडे जायचो मे महिन्यात. मामा गेला, आता कोणी बोलवत नाही तिकडे.

बार्देशकार

अहो या की आमच्याकडे. पोदेर अजून येतो.

नवी_आई_होणार

पाचवा महिना चालू आहे. परवा मैत्रिणीकडे असाच बोर्ड आहे. काय खाऊ शकते?

डॉ_स्नेहल

अभिनंदन! थंड मुरवलेलं मांस (सलामी, पार्मा हॅम वगैरे) आणि ब्री, कॅमेम्बेर, ब्लू चीज सध्या टाळा. लिस्टेरियाचा धोका असतो आणि तो जंतू फ्रिजमध्येही वाढतो. पाश्चराइज्ड दुधाचं चेडार, गौडा चालेल. फळं, सुकामेवा, ब्रेड बिनधास्त, फळं धुतलेली हवीत. तुमच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. मैत्रिणीला आधी कळवलंत तर ती तुमचं वेगळं ठेवेल, संकोच करू नका.

आणि सगळ्यांसाठी: हे पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर नकोत. 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. मुंबईत मे महिन्यात थोडं थोडं मांडा, संपलं की फ्रिजमधून भर घाला.

नवी_आई_होणार

खूप आभार डॉक्टर 🙏 लगेच मेसेज करते तिला.

मोगरा

डोहाळे कसले लागलेत गं? मला दोन्ही वेळेला फक्त कैरी.

नवी_आई_होणार

भेळ! रोज भेळ!

कोथरूडकर

पुण्यात करणाऱ्यांसाठी. एबीसी फार्म्सचं चीज इथे बरीच वर्षं मिळतंय, सुरुवात तिथून करा, परदेशी पाकिटं तिप्पट दराची कशाला? नाशिकची द्राक्षं, सांगोल्याची डाळिंबं, आणि मिळतील तेव्हा पुरंदरची अंजिरं (2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्यांना). अंजीर उभं चिरायचं, चार पाकळ्या उघडायच्या, मध्ये मऊ चीज आणि मधाचा थेंब. स्पेनमध्ये मान्चेगो या मेंढीच्या चीजबरोबर क्विन्स या फळाची वडी खातात. आम्ही त्या जागी साखरआंब्याच्या फोडी ठेवल्या, वेलची कमी असलेल्या. मुरलेल्या चेडारबरोबर फार जुळलं. पेरूची चीजसुद्धा ठेवा, गोव्यात मिळते ती (नावापुरती चीज, खरी पेरूची वडी).

भाजणीची चकली मात्र नको. तिचं जिरं-ओवा चीजला बोलू देत नाही. साधा खाखरा चालतो.

खादाडखाऊ

चकलीबद्दल असहमत. चकली आणि लोणी, संपला विषय.

कोथरूडकर

लोणी वेगळं, ब्री वेगळं हो. लोण्याबरोबर माझा विरोध नाही.

अल्प्समावशी

स्वित्झर्लंडहून. धावतपळत लिहितेय, डबे भरायचेत. तेत द मोआन हे चीज मिळालं तर घ्याच. गोल चीज खुंटीवर बसवायचं आणि वरून पातं फिरवायचं, झिरमिळ्या फुलं निघतात. मुलांना फिरवायला द्या, तासभर गुंततात. बुंडनरफ्लाइश हे वाळवलेलं मांस बीफचं असतं, ब्रेसाओलाही बीफच, आणि मोर्तादेल्ला, पार्मा हॅम डुकराचं. पाहुण्यांत कोण काय खात नाही ते आधी विचारा आणि प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लावा. माझ्या मुलीच्या अक्षरात असतात आमच्याकडच्या चिठ्ठ्या.

गोरेगावची_पोर

सलामीवरचं पांढरं पावडरसारखं असतं ते बुरशी आहे का? फेकायचं?

रानजाई

मुद्दाम धरवलेली चांगली बुरशी असते ती. आवरणासकट सोलून टाकायची, आतलं खायचं. हिरवी-काळी, केसाळ दिसली तर मात्र खाऊ नकोस.

भाचीची यादी अशी ठरली: मोर्तादेल्ला, सलामी, ब्री, गौडा, मुरलेलं चेडार, मिठातली काकडी, डाळिंब, साखरआंबा. जैन मुलींसाठी वेगळी फळी: ठिपका बघून चीज, फळं, बदाम, खाखरा. अंजिरं आणि मध त्यांच्या फळीवर नको म्हणाली.

मोगरा

फळी कुठली घेतेय ती? माझी सागाची आहे, पांढरी पडलीये धुऊन धुऊन.

इसारकाठ

आलो परत. मोगराताई, डिशवॉशरमध्ये घालू नका आणि भिजत ठेवू नका. पुसून उभी वाळवा. मग खाद्यवापराचं मिनरल ऑइल लावून रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. शेंगदाण्याचं तेल नको, काही दिवसांनी खवट वास धरतं.

मोगरा

मिनरल ऑइल केमिस्टकडे मिळेल का?

डॉ_स्नेहल

लिक्विड पॅराफिन मागा. सुगंधी बेबी ऑइल घेऊ नका.