उत्तर: आईच्या टाचेवरचा डाग: सोमवारच्या आत ठरवायचे आहे

आपल्या गटाच्या सर्व सभासदांस नमस्कार.

कालच्या फोनवर सगळे सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे. आज आईला अंगणात बसवून डावी टाच नीट पाहिली. डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा आहे. एका बाजूला तो तपकिरी आहे, दुसऱ्या बाजूला काळाभोर, आणि ओल्या कागदावर शाई फुटावी तशी त्याची कड फुटली आहे. दिवाळीत पायाला तेल लावताना तो नव्हता, असे आई ठामपणे सांगते. आमच्या गल्लीजवळच्या एका लेझर केंद्रात ‘एका बैठकीत जाळून टाकू’ म्हणाले. माझ्या परतीला नऊ दिवस उरले आहेत. मिरजेच्या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत दोन दिवस घालवावेत की इथेच उरकावे?

– सांगलीहून, धाकटी

---

धाकटे, जाळू देऊ नकोस.

मी इथे पर्थला त्वचा विभागात परिचारिका आहे, म्हणून आग्रहाने लिहिते. डाग जाळला की तपासायला काहीच उरत नाही. तो कर्करोगाचा असेल, तर पुढचा उपचार मुख्यतः तो त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर ठरतो, आणि ही खोली कापून काढलेल्या तुकड्यावरूनच मोजता येते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग क्वचितच होतो हे खरे, पण होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे जिथे आपण ऊन लागत नाही म्हणून पाहतही नाही अशा जागी. बॉब मार्ले १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या याच रोगाने. डागाचे दोन्ही अर्धे भाग सारखे नसणे, कड फाटलेली असणे, एकाच डागात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा आकार आणि काही महिन्यांत झालेला बदल, या पाच धोक्याच्या खुणांपैकी तुझ्या वर्णनात किती बसतात ते तूच मोज.

– पर्थची ताई

---

ताईंच्या मताचा आदर राखून लिहितो की, साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या अंगावर डाग येतात. माझ्या पाठीवर मेण चिकटवल्यासारखे काळे खवले उठले, तेव्हा मेलबर्नच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहून ‘हे वयाचे आहेत, हात लावायचा नाही’ असे सांगितले. मानेवरच्या चामखिळींनाही आमच्या वाईला घोड्याचा केस बांधत, त्याने कोणाचे काही बिघडले नाही. सहा मिलिमीटर वाचून उद्या निम्मे सभासद फूटपट्टी घेऊन बसतील. शिवाय आरोग्याचे प्रश्न आधी गटाच्या समितीकडे पाठवायचे, हे गेल्याच वर्षी ठरले होते.

– वाईकर काका

---

काका, तुमचे खवले डॉक्टरांनी भिंगातून पाहिले आणि मग सोडले. धाकटीच्या आईचा डाग अजून कोणी पाहिलेलाच नाही, आणि नऊ दिवसांत समितीची बैठक होणार नाही. सहा मिलिमीटर ही अटही नाही. इतर तिळांपेक्षा वेगळा दिसणारा, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ लहान असला तरी दाखवावा. तिशी-चाळिशीनंतर नवा तीळ फारसा येत नाही, म्हणून तो आला तर अधिक लक्ष द्यावे. एकाच नखावर नवी काळी रेघ उमटून रुंद होत गेली, तरी हेच.

घरच्या बायकांसाठी आणखी एक. कऱ्हाडच्या माझ्या मावशीच्या कमरेवर परकराच्या नाडीच्या जागी जखम झाली होती आणि नाडी काचते म्हणून ती वर्षभर हळद लावत राहिली. अशा वर्षानुवर्षांच्या घर्षणाच्या जागीही त्वचेचा कर्करोग होतो. न भरणारी जखम महिनाभराच्या वर घरी ठेवू नये.

– ऑकलंडची वहिनी

---

ताई, वहिनी आणि काका, सर्वांची आभारी आहे.

काल मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. रांग साडेतीन तासांची होती. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिले, दुसऱ्या टाचेशी ताडून पाहिले, बोटांच्या बेचक्या आणि नखेही तपासली. आज जागा बधिर करून भोवतालच्या थोड्या कातडीसह डाग पूर्ण काढला. आई कळवळली नाही, फक्त माझे मनगट घट्ट धरून होती. तुकडा बाटलीत घालून तपासणीला दिला. बाटलीवर आईचे नाव आणि ‘डावी टाच’ हे शब्द मी स्वतः वाचून घेतले. अहवालाला आठवडा लागेल, म्हणून तिकीट पुढे ढकलले आहे.

– धाकटी