एनएमएमएसचा फॉर्म अन ऊसतोड, काय करावं?

गेवराईकर: पोरगी आठवीला हाय, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सर म्हणले एनएमएमएसला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. आम्ही दिवाळीत टोळीवर जाणार, मागं फॉर्म कोण बघणार? अन पैसे खरंच येतात का?

मास्तरीणबाई: दादा फॉर्म शाळेतूनच जातो. तुम्ही निघायच्या आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तेवढा काढा, साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, नायतर मग फडातून रेंज शोधत ओटीपी सांगत बसाल. सातवीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५०. नंबर लागला की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, थेट खात्यात.

काना_गेला: येतात, पण आधार बघून घ्या आधी!! आमच्या पोरीचं शाळेत ‘सोनाली’ अन आधारवर ‘सोनली’, एका कान्यापायी दोन महिने चकरा मारल्या, मजुरी बुडाली ती वेगळीच. खातं पोरीच्याच नावाचं अन आधार जोडलेलं पाहिजे. अन दरवर्षी एनएसपी पोर्टलवर (सरकारची शिष्यवृत्तीची वेबसाइट) रिन्यूअल करावं लागतंय, ते कुणी सांगतच नाय.

गेवराईकर: आत्ताच आधार काढून बघितलं, जन्मतारीखच चुकलीय. उद्या जातो सेंटरवर.