प्रति: पेडल कयाकवर (पायाने चालवायची अरुंद होडी) रॉड होल्डर (गळाची काठी अडकवायची खोबणी) आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारी स्क्रीन) कुठे लावू?

आधी ड्रिल बाजूला ठेवा. सीटवर बसून पाय पेडलवर ठेवा, एक पूर्ण चक्कर मारा आणि गुडघा कुठवर येतो तिथे खडूने खूण करा, कारण रिकामी असताना मोकळी दिसणारी बाजूची रेल (होल्डर वगैरे बसवायची पट्टी) पेडल मारताना बरोब्बर गुडघ्याच्या वाटेत येते. ट्रोलिंगचे (होडी चालवत गळ मागे ओढायचे) रॉड सीटच्या जरा पुढे, बाहेर झुकवून, म्हणजे टोक नजरेत राहतं, मागच्या होल्डरात फक्त स्पेअर. रडरचं (सुकाणूचं) हँडल ज्या हाताला आहे तिथे गर्दी नको, फिशफाइंडर दुसऱ्या बाजूला.

फिशफाइंडरसाठी कोणी लेड अ‍ॅसिड बॅटरी सुचवतं, स्वस्त आहे खरी पण उगाच ओझं. १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट निम्म्याहून हलकी, छोट्या स्क्रीनला १० अँपिअर-अवर दिवसभर आरामात पुरते. ट्रान्सड्युसर (फिशफाइंडरचा पाण्यातला सेन्सर) प्रॉपेलरच्या मागे लावलात तर बुडबुड्यांमुळे स्क्रीनवर नुसता कचरा दिसेल, तो पुढेच बरा.

आणि हो, किनाऱ्याला लागताना ड्राइव्ह (पेडलने प्रॉपेलर फिरवणारा, खाली पाण्यात जाणारा भाग) पटकन वर घ्यावा लागतो, त्यामुळे त्याच्यावर टॅकल बॉक्स (गळ-हुकांचा डबा) वगैरे बांधू नका. रॉड, पक्कड, सगळ्याला दोरी हवीच. लाइफ जॅकेट उंच पाठीचं घ्या, साधं सीटला अडून मानेपाशी वर सरकतं, फार वैताग येतो.