अंदमान : रॉस बेटाला दीड तास की अख्खी सकाळ?

गोदाकाठ
नांदेड, लातूर, परभणीहून निघणाऱ्या बऱ्याच टूरमध्ये रॉस बेट (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) आणि नॉर्थ बे (पाण्यातल्या खेळांचं ठिकाण) एकाच दिवसात उरकतात. रॉसच्या वाट्याला जेमतेम दीड तास. माझं मत : पॅकेज सोडा, ॲबर्डीन जेटीवर फक्त रॉसचं तिकीट काढा आणि सकाळच्या पहिल्या बोटीने जा. बेट पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) दोनेक किलोमीटरवर, पंधरा-वीस मिनिटांत पोचतं. बुधवारी बंद असतं, तेव्हा विमानाचं तिकीट काढतानाच वार बघा.

बेट लहान, ७० एकरांच्या आसपास. पण १८५८ पासून अंदमानच्या इंग्रज कारभाराची गादी इथेच होती : चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, टेनिस कोर्ट, पोहायचा तलाव, कबरस्तान. २६ जून १९४१ च्या भूकंपाने या सगळ्याला तडे गेले आणि २३ मार्च १९४२ ला जपानी उतरले. त्यांचे बंकर जेटीजवळच आहेत. दीड तासात माणूस बंकरपाशी फोटो काढतो, हरणांना बिस्किटं टाकतो आणि परत बोटीत.

मांजरा_तीर
अख्खी सकाळ कोणासाठी म्हणायलात? आपल्याकडच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक साठीच्या पुढचे. जेटीपासून चर्चपर्यंत चढ आहे आणि पलीकडे समुद्रातल्या दीपस्तंभाकडे जायचं तर फेरार बीचच्या बाजूला पायऱ्या उतराव्या लागतात, तेवढ्याच परत चढाव्या लागतात. दमट हवेत घाम वाळतच नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाची सवय असलेला माणूस तहान लागेपर्यंत पाणी पीत नाही आणि तिथे चक्कर येते. दीड तास बरोबर आहे. राहिलेला वेळ सेल्युलर जेलला द्या. आपली माणसं तिथे सडली, साहेबांचं नाचघर बघून काय करायचं?

छावणी_नाका
नाचघराचं सोडा, पण "आपली माणसं सेल्युलरला" हे अर्धंच खरं. सेल्युलरचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रज अधिकारी डॉ. वॉकर १० मार्च १८५८ ला दोनशे कैदी घेऊन उतरला, तेव्हा कोठड्या नव्हत्या, जंगल होतं. रॉसवरची झाडी तोडली ती कैद्यांनी.

आणि यात आपला भाग थेट येतो. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळाने बंड केलं. त्यातला चिदा खान जमादार हैदराबादेत पकडला गेला, त्याला सोडवायला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी १७ जुलैला रेसिडेन्सीवर (इंग्रज प्रतिनिधीच्या कोठीवर) हल्ला केला. मौलवींना पुढे काळ्या पाण्यावर धाडलं. तेव्हा सेल्युलर कुठे होतं?

बालाघाट
इतिहास मान्य. पण बघायला काय उरलंय? भिंती वडाच्या मुळांनी गिळल्यात. नळदुर्गाची डागडुजी झाली की नाही? मग रॉसवरची झाडं कापून इमारती उभ्या करायला काय हरकत? नाहीतर लोक "कंबोडियातल्या ॲंगकोरच्या देवळांसारखं दिसतं" म्हणत फोटोच काढत राहणार.

गोदाकाठ
नळदुर्ग काळ्या घडीव दगडाचा, रॉसवर बहुतेक विटांचं आणि चुन्याचं काम. वड-पिंपळाच्या जातीचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीवर पडतं, सांध्यातल्या चुन्यात रुजतं, मूळ जाड झालं की विटा फाकतात. पण ऐंशी वर्षांत तेच मूळ भिंतीला जाळीसारखं धरून बसलंय. खोड कापलं की आतलं मूळ कुजतं, पोकळी होते आणि एका पावसाळ्यात भिंत खाली येते. तिथे पाऊसही मराठवाड्याच्या कितीतरी पट. आधी भिंतीला टेकू, मग फांद्या हलक्या करणं, नवं रोप बोटाएवढं असतानाच उपटणं, आणि सांधे भरताना सिमेंट नाही, चुनाच. सिमेंट कडक पडतं, ओल आत अडकते आणि जुनी वीट फुटते.

बिस्किटांचंही तेच. चितळ इथले नाहीत, इंग्रजांनी शिकारीसाठी आणले. ते कोवळी रोपं खातात, म्हणून नवीन झाडी धरत नाही. खाऊ घालून आपण संख्या वाढवायला हातभार लावतो.

मांजरा_तीर
बरं, जपान्यांचं काय? गाईड ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला एवढं सांगून पुढे सरकतो. लोकांना तेवढंच ऐकायचंय. दोन तास जास्त थांबून वेगळं काही कळणार नाही.

छावणी_नाका
गाईड सांगत नाही म्हणून तर वाचून जायचं, राव. झेंड्यानंतर महिनाभराने, ३० जानेवारी १९४४ ला, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला जपान्यांनी ४४ जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. बरेचसे इंडियन इंडिपेंडन्स लीग या स्वातंत्र्यवादी संघटनेचेच लोक. त्याआधी लीगचे तिथले पुढारी डॉ. दिवाण सिंग जपान्यांच्या छळाने मेले. बंकरपाशी उभं राहून फक्त झेंड्याची गोष्ट सांगणं म्हणजे अर्धं पान फाडून वाचणं. बंकर बांधायला राबलेल्या मजुरांचाही विचार करा.

बालाघाट
चुन्याचं पटलं. सकाळ अख्खी द्यायची की नाही ते मात्र नाही. म्हाताऱ्या माणसांना दोन तास पुरे.

गोदाकाठ
म्हाताऱ्यांसाठी बेटावर बॅटरीची गाडी मिळते, वरपर्यंत नेते. दीपस्तंभाच्या पायऱ्या त्यांनी टाळाव्यात, ओल्या शेवाळावर पाय घसरतो. प्रत्येकी दीड लिटर पाणी, पकड असलेली चप्पल, मूळ ओळखपत्र. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी, जेटीवर नाही. नॉर्थ बेही करायचं असेल तर रॉस आधीच ठेवा, पाण्यातल्या खेळानंतर ओल्या कपड्यात चढ चढवत नाही. मे ते नोव्हेंबर समुद्र खवळला की बोटी ऐन वेळी रद्द होतात, म्हणून रॉस शेवटच्या दिवशी ठेवू नका. आणि डिसेंबरात पाच वाजताच उजेड कमी होतो. दुपारी तीनला निघून काहीही दिसत नाही.

मांजरा_तीर
बॅटरीच्या गाडीला रांग किती असते, तेही सांगा की. पहिल्या बोटीचे सगळे एकदमच उतरतात.