एका पैठणीत पाच मॅमोग्राफी? (चैत्रपालवी यांच्या पोस्टला उत्तर, जरा लांबलंय)

कोरडवाहू
चैत्रपालवी यांची ऑक्टोबर (स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना) स्पेशल पोस्ट वाचली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅमोग्राफी (गाठ शोधण्यासाठी स्तनाचा एक्स-रे) दोन हजारांत होते, एका पैठणीत पाच होतील, तरी आपल्या बायका जात नाहीत कारण आळस आणि लाज. खाली बदामांचा पाऊस. गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी पाटोद्याकडचा. तुमच्याकडे गुलाबी फिती लागतात त्याच सुमारास आमच्याकडे उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात. बाई पाच-सहा महिने फडात. एक दिवस दवाखान्यात गेली की खाडा, आणि मुकादम तो उचलीत धरतो. गाठ तर दुखत नसते. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशेब शिकलेल्या बायकाही करतात. मॅमोग्राफी करायची तर बीड नाहीतर नगर. जायला एक दिवस, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगितली की दुसरा, रिपोर्टला तिसरा. कॅन्सर ठरल्यावर उपचाराला सरकारी फुले योजना आहे हो, पण तो ठरेपर्यंतचा बहुतेक खर्च खिशातून.

माझ्या चुलतीला "दुधाची गाठ आहे, जिरेल" असं सांगणारा माणूस एमबीबीएस होता. ती लाजली नव्हती, स्वतःहून दाखवायला गेली होती. पुढे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेली तोवर काखेत उतरलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांत स्तनाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या ०.९ टक्के. बाकीच्या नव्व्याण्णव टक्के आळशी का?

चैत्रपालवी
पोस्ट माझ्या ओळखीच्या, माझ्यासारख्या बायकांसाठी होती हे न कळण्याइतकी अवघड नव्हती.

आमच्या सोसायटीत फुकट शिबिर ठेवलं होतं. तळमजल्यावर, लिफ्टने खाली यायचं एवढंच. आल्या त्या एका सतरंजीवर मावल्या. त्याच आठवड्यात भिशीला झाडून सगळ्या हजर. माझ्या सख्ख्या जावेने गाठ लपवली, कारण मुलीचं लग्न ठरत होतं आणि आईला कॅन्सर म्हटलं की स्थळ मोडेल ही भीती. ती एका बँकेत मॅनेजर होती. हे तुमच्या खाड्यात कुठे बसवता? की पाटोद्याचं नाव निघालं की कोथरूडने तोंडच उघडायचं नाही?

भुसावळ_पॅसेंजर
पोस्टमध्ये "आपल्या बायका" लिहिलंय, "आमच्या सोसायटीतल्या बायका" नाही. एवढंच.

एक्सरेवाला
रेडिओलॉजिस्ट म्हणून बोलतो. दोघांचंही चुकतंय.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्य देशांच्या मानाने दहा-एक वर्षं आधी दिसतो. चाळिशीच्या आतल्या बाईचा स्तन घट्ट, मॅमोग्राफीत सगळं पांढरं आणि गाठही पांढरी. तिथे सोनोग्राफी लागते. आणि सोनोग्राफी गावात नेता येत नाही, कारण पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा! खिशात मावणारी यंत्रं आलीत, पण यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर काढलं तर मी गुन्हेगार. फिरत्या दवाखान्याची परवानगी असते, ती मिळवताना म्हातारपण येतं. माझ्या एका सहकाऱ्याचं यंत्र फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद) मधल्या एका रिकाम्या रकान्यासाठी सील झालं. सहा महिने अख्ख्या तालुक्यात पोटाची, थायरॉइडची, स्तनाची एकही सोनोग्राफी नाही. त्या काळात किती गाठी राहून गेल्या हे कुणी मोजलं का? विषमता म्हणता ती इथे आहे, पैठणीत नाही.

संख्याबुवा
"दहा वर्षं आधी" यातला बराच भाग आपली लोकसंख्याच तरुण आहे म्हणून दिसतो. साठीच्या बायका कमी, तर साठीच्या रुग्णही कमी. दर वयोगटाचा दर काढून बघा, वय वाढेल तसा तो आपल्याकडेही वाढतो.

एक्सरेवाला
माझ्या टेबलावर पस्तिशीची बाई येते तेव्हा तिला हे सांगू का बुवा?

खानदेशी_कन्या
डॉक्टर, तुमचा रिकामा रकाना मी वीस वर्षं ऐकतेय. लिंगनिदानावर देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, हौसेने नाही केला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. उरलेल्या कुठे गेल्या? तुमच्याच खोलीतून गेल्या. रकाने "चुकून" रिकामे राहात नसतात. २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना हेच रडगाणं घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती, याचिका फेटाळली. आता स्तनाच्या कॅन्सरचं निमित्त करून तोच दरवाजा उघडायचा?

एक्सरेवाला
सगळे रेडिओलॉजिस्ट खुनी, हे एकदा लिहून टाका म्हणजे पुढची चर्चा वाचेल. स्तनासाठी लिनिअर प्रोब (अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग) लागतो. वरवरचं बघणारा. गर्भाचं काही बघायचं तर त्याचा फारसा उपयोग नाही. हे शाळकरी पोरालाही समजावता येईल, फक्त या कायद्याच्या समितीला नाही.

खानदेशी_कन्या
आणि प्रोब बदलायला किती वेळ लागतो? एक मिनिट?

एक्सरेवाला
मग दुसरा प्रोब लागूच नये असं यंत्र घ्या! कंपनीकडून कुलूपबंद. तेही चालत नाही तुम्हाला.

खानदेशी_कन्या
चालेल. कुलूप खरंच असेल, आणि किल्ली तुमच्या खिशात नसेल तर.

लेस्टरकर
वाद वाचून नवल वाटलं. इथे इंग्लंडमध्ये पन्नाशी झाली की एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) पत्र घरी येतं, ७१ पर्यंत दर तीन वर्षांनी. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये व्हॅन उभी असते, भाजी आणायला गेलेली बाई तपासून येते. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. आपल्याकडे हे का जमत नाही?

भुसावळ_पॅसेंजर
काका, आमच्याकडे पार्किंगच नाही.

लेस्टरकर
काकू. चेष्टा ठीक आहे, पण ऐका. इथेही आपल्या गुजराती-मराठी बायका पत्र फ्रिजवर लावून ठेवतात आणि जात नाहीत. माझी नणंद इंग्रजी वाचता येत नाही म्हणून पत्र सुनेला दाखवायची, आणि सुनेला कशाला दाखवायचं म्हणून मग दाखवेनाशी झाली. म्हणजे चैत्रपालवी अगदीच चुकीचं लिहीत नाहीत.

चैत्रपालवी
आभार. दोनशे मैलांवरून का होईना, कुणीतरी बोललं.

भुसावळ_पॅसेंजर
दोनशे नाही हो. भूगोलातही कोथरूडपुरतंच का?

आशा_बोलते
मी आशा वर्कर, मराठवाडा. तुम्ही मोठी माणसं यंत्रावर भांडताय, आमच्याकडं काय होतं ते सांगते.

सरकारचा कार्यक्रम आहे. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक बाईची स्तनाची हाताने तपासणी, पाच वर्षांतून एकदा. आधी आम्ही घरोघरी सी-बॅक फॉर्म (कुणाला आजाराचा धोका जास्त ते ठरवायची प्रश्नावली) भरायचा. त्यात विचारायचं, स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का. हे दारात उभं राहून, सासरा बाजेवर बसलेला असताना. बाई काय सांगणार? "नाही नाही नाही" लिहायचं आणि पुढच्या घरी. चारच्या वर मार्क गेले तर बाईला आधी तपासायचं असतं. तिला उपकेंद्रात न्यायचं, तर तिथं सिस्टर एक आणि पडद्याला जागा नाही. आणि तपासायचं कसं हे तिला तरी कुणी नीट शिकवलंय? एका दिवसाचं ट्रेनिंग, त्यात निम्मा वेळ ॲप कसं चालवायचं.

मोबाईल आमचा, रेंज नाही, रात्री बसून अपलोड करायचं. २०२४ च्या सुरुवातीला संप केला तेव्हा मानधन वाढलं, पण कामही वाढतंच आहे. वरून विचारतात, टार्गेट किती झालं. किती बायकांना खरंच हात लावला, हे विचारत नाहीत.

कोरडवाहू
ताई, हेच मला म्हणायचं होतं, मला नीट लिहिता आलं नाही.

संख्याबुवा
आशाताईंचा मुद्दा सोनोग्राफीपेक्षा मोठा आहे, आणि पुरावाही त्यांच्या बाजूने आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. मॅमोग्राफी नाही, डॉक्टर नाही. वस्तीतल्याच दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी हाताने तपासणी, अशा चार फेऱ्या. गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये छापून आलं.

एक्सरेवाला
आणि सगळ्या वयांचा मिळून आकडा? १५ टक्के, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. पन्नाशीखाली फरक दिसलाच नाही. अर्धंच सांगता बुवा. तिशीपासून तपासायचा कार्यक्रम मग कशाच्या आधारावर?

संख्याबुवा
हो, पन्नाशीखालचं खरं आहे. पण "तिथे सोनोग्राफी करा म्हणजे जीव वाचतील" याला तुमच्याकडे एवढाही पुरावा नाही. घाईत केलेली तपासणी भीतीही वाढवते. २०२५ मध्ये हिंगोलीत काय झालं आठवा. संजीवनी अभियानात प्रश्नावली घेऊन सुमारे २ लाख ९३ हजार बायका बघितल्या, साडेचौदा हजारांत "कॅन्सरसदृश लक्षणं". बातम्यांचे मथळे असे की चौदा हजार बायकांना कॅन्सरच झाला. पुढच्या तपासण्यांत निदान झालेल्या त्यातल्या अगदी मोजक्या.

कोरडवाहू
त्या मथळ्यानंतर आमच्या गावात दोन प्रकारच्या बायका झाल्या. एक, तपासणीचं नाव काढलं की दार लावणाऱ्या. दुसऱ्या, घाबरून खासगीत पळणाऱ्या. आणि बीडात घाबरलेल्या बाईचं काय करतात हे जगजाहीर आहे. तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली, २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलेला आकडा. "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" एवढं वाक्य पुरायचं. माझ्या मेव्हणीची काढली तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

आशा_बोलते
म्हणून मी दारात कॅन्सर म्हणतच नाही. "गाठ बघायची" म्हणते.

खानदेशी_कन्या
बघा डॉक्टर. आणि तुम्हाला म्हणे कायदा जाचक वाटतो. त्या ४,६०५ मधल्या कितींची सोनोग्राफी झाली होती, आणि त्या रिपोर्टांवर सह्या कुणाच्या?

एक्सरेवाला
गर्भाशय काढणारे सर्जन, सोनोग्राफीवाला मी, आणि दोषी कायम मीच. ठीक आहे. आम्ही सगळे चोर, बायकांच्या गाठी समितीने बघाव्यात. मी मंगळवार दुपार रिकामी ठेवतो, ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बाईची स्तनाची सोनोग्राफी फुकट करतो. कित्येक मंगळवारी कुणी येत नाही. त्याचाही रकाना आहे का?

आशा_बोलते
साहेब, मंगळवारी आमच्याकडं लसीकरण असतं. बाईला घेऊन यायला कुणी मोकळं नसतं. दुसरा वार ठेवा.

एक्सरेवाला
हे आजवर कुणी सांगितलं नाही.

आशा_बोलते
विचारलं कुणी?

चैत्रपालवी
मूळ मुद्द्यावर येऊ का? "आळस" हा शब्द मी पोस्टमधून काढते, कोरडवाहू यांना झोप लागावी म्हणून. "लाज" काढणार नाही. बाजेवरच्या सासऱ्याचं आशाताईंनीच लिहिलंय.

कोरडवाहू
पैठणीपण काढा.

चैत्रपालवी
पैठणी राहील. आमच्या सोसायटीला ती लागू आहे, हवं तर "कोथरूड" लिहिते.

कोरडवाहू
लिहा. आणि डॉक्टर आणि खानदेशी ताई, हात जोडतो, पीसीपीएनडीटीचा धागा वेगळा काढा.

खानदेशी_कन्या
काढला कालच. डॉक्टर अजून तिकडे फिरकलेले नाहीत.

एक्सरेवाला
शीर्षक बदला, मग येतो. "सोनोग्राफीवाल्यांची दुकानं" हे शीर्षक असलेल्या धाग्यावर मी सही करणार नाही.